वाडा आधी कागदावर पडतो

पडक्या वाड्यांचे माझे फोटो पाहिले की लोक हटकून विचारतात, "एवढे मोठे वाडे कुणी असे पडू कसे देतं?" आवाजात जरा राग असतो, न दिसणाऱ्या वारसांवरचा. दुसरा प्रश्न भुतांचा असतो. त्याचं उत्तर सोपं आहे: वटवाघळं. त्यांचा वास एकदा नाकात बसला की भुताची गरज राहत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबचं आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

देशावरचा वाडा बाहेरून पडत नाही. सासवडला पुरंदऱ्यांच्या वाड्यासमोर उभं राहा. बुरूज, दरवाजा, तटासारखी भिंत पाहून शनिवारवाडाच आठवेल. आत मात्र मोकळं आभाळ आणि रान. शनिवारवाडा 1828 च्या आगीत गेला, त्याला निदान कारण तरी आहे. बहुतेक वाड्यांना आगबिग काही लागलेली नसते. त्यांचं माळवद गळतं, बस.

माळवद म्हणजे तुळया, त्यावर आडव्या दांड्या, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती दरवर्षी पावसाळ्याआधी नव्याने टाकून चोपावी लागते. दोनचार वर्षं कुणी वर चढलं नाही की गवत उगवतं, मुळांच्या वाटेनं पाणी आत शिरतं. कौलारू वाड्याची तीच गत: माकडं कौलं फोडतात आणि शाकारायला कुणी येत नाही. खालून मात्र सगळं शाबूत दिसतं. सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा, जमिनीची ओल त्याला लागत नाही. सुरूच्या नक्षीचा खांब दीडदोनशे वर्षांनंतरही बोटानं टकटक केल्यावर खणखणीत वाजतो. कुजतं ते तुळईचं टोक, जे भिंतीच्या पोटात असतं आणि कुणाला दिसत नाही. भिंत दोन्ही बाजूंनी घडीव दगडाची किंवा विटांची, मध्ये माती आणि भर. वरून पाणी शिरलं की आतली माती फुगते आणि भिंतीला पोट सुटतं. असं पोट दिसलं की मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही, महिरप कितीही सुंदर असो. वरच्या मजल्यावर जायचंच तर भिंतीच्या कडेकडेनं, आणि पावसाळ्यात तर अजिबात नाही.

पण माती टाकायला कुणी का येत नाही? इथे तुमचा राग थोडा वळवावा लागेल. पारावर "हा वाडा कुणाचा?" म्हणून विचारलं तर बहुधा एकच उत्तर येतं: "लई जणांचा हाय." ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर पणजोबांचं नाव, ते कधीच वारले, खाली चार शाखा, त्यांची मुलं पुण्यात, मुंबईत, कुणी परदेशात. ओसरी एकाची, माजघर दुसऱ्याचं, आड सामाईक. छप्पर सगळ्यांचं, म्हणजे खर्च कुणाचाच नाही. एकानं स्वतःच्या पैशानं माती टाकली तर बाकीचे म्हणणार, हा आता हक्क सांगायला लागला. मग तोही टाकत नाही.

त्याआधीही दोन धक्के बसलेले असतात. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींचा खून झाल्यावर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. पुष्कळ कुटुंबं उठून शहरात गेली ती परतलीच नाहीत. मग कुळकायदा. 1 एप्रिल 1957, कृषक दिन. कसणारा जमिनीचा मालक झाला आणि कुळांकडून वाड्यात येणारा खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, थांबला. धान्य साठवायची बळदं रिकामी झाली. हे मी हळहळून सांगत नाही. ज्या माळवदावर माती चोपली जायची, ती चोपणारे हात बहुतेकदा कुळांचे आणि बलुतेदारांचे, कधी वेठीनं आणलेले. तो कायदा व्हायलाच हवा होता. वाड्याचं अर्थकारण मात्र त्या दिवशी संपलं, आणि सोळा खणांचं घर (खण म्हणजे दोन तुळयांमधला गाळा) पगारावर राखता येत नाही.

उरलेलं काम लाकूड नेणारे करतात. कोरीव दरवाजा, गणेशपट्टी, खांबावरची केळफुलं रात्रीतून जातात आणि शहरातल्या कुठल्यातरी हॉटेलात "अँटिक" म्हणून बसतात. खांब काढला की वरची तुळई लोंबकळते आणि पुढच्या पावसात एक खण खाली येतो.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा कृष्णेकाठी अजून उभा आहे, भिंतींवरच्या जुन्या चित्रांसकट. त्याचं लाकूड काही वेगळं नाही. त्याला माणसांचा राबता आहे, एवढाच फरक.

तुमच्या गावाकडे असा वाडा असेल आणि भावंडांचं अजून जमत नसेल, तर वाटणीची वाट पाहू नका. मे महिन्यात वर्गणी काढून निदान पत्रे टाका. दिसायला वाईट दिसतील, दिसू द्या. भिंतीतला पिंपळ वीतभर असतानाच उपटा. खोड धरल्यावर मुळं ओढली तर भिंतच हातात येते. आणि हे करण्याआधी सगळ्यांच्या सह्यांचा एक साधा कागद करा की खर्च करणाऱ्याचा हक्क त्यामुळे वाढणार नाही. माझ्या पाहण्यात, पत्र्यांच्या पैशांपेक्षा या कागदावरच घोडं जास्त वेळा अडतं.