भंडारदऱ्याच्या काठावरचे तंबू : आमची वाटचाल

इथे तंबू लावणाऱ्यांना माहीतच आहे, भंडारदऱ्याला ठरलेला असा काठ नाही. 1926 साली पूर्ण झालेलं इथलं विल्सन धरण भरलं की 11 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी झाडीला टेकतं. शेतीसाठी पाण्याची आवर्तनं सुटू लागली की तेच पाणी खाली सरकतं आणि मागे गाळपेर, म्हणजे गाळाची जमीन, उघडी पडते. मुरशेत गावचे मामा आमचे पहिले भागीदार. पाच तंबूंपासून ते सोबत होते आणि त्यांचा हट्ट एकच : तंबू मुरमावर, गाळावर नाही. तो आम्ही एकदाच मोडला.

मेअखेर ते जूनचा मध्य, म्हणजे काजव्यांचे दिवस, ही आमची वर्षाची कमाई. त्या वर्षी शेजारी एक कंपनी आली. दर आमच्या निम्मे, तंबू पाण्याला लागून, तोंडं जलाशयाकडे. फोटो झकास यायचे, खोटं कशाला बोला! गिऱ्हाईक तिकडे वळलं म्हणून आम्हीही वीस तंबू गाळावर उतरवले आणि वळीव आला. सुका गाळ सहा इंची खुंटी घट्ट धरतो, अर्धा तास भिजला की लोणी. दारं वाऱ्यावर, त्यामुळे तंबू आतून फुगले. एक खुंटी सुटली की ताण दुसरीवर, अशी रांगच उठली. इजा कुणाला नाही, पण तेरा तंबूंचे फायबरचे दांडे चिरले. आगाऊ पैसे परत करताना गल्ला रिकामा झाला. 'त्यांचे तंबू उडाले' हे शेजाऱ्यांनी पुढचे दोन हंगाम सांगितलं. त्यांचे किती उडाले, ते कुणी विचारलं नाही.

संगमनेरच्या एका गुरुजींनी मात्र पैसे परत घेतले नाहीत. "जानेवारीत मुलं आणतोय, त्यात धरा," म्हणाले. त्या पैशांतून नवे दांडे आले.

आता खुंटी 12 मिलिमीटर सळईची, दीड फुटी, वरून वाकवलेली. डोकं तंबूपासून बाहेर झुकवून ठोकायची, दोरी जमिनीलगत बांधायची. कोपऱ्यांना मुरमाची पोती. खालची ताडपत्री तंबूच्या तळाबाहेर इंचभरही डोकावू द्यायची नाही, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावरून सरळ अंथरुणाखाली. नायलॉन भिजलं की सैलावतं, म्हणून पाऊस थांबल्यावर दोऱ्या पुन्हा ताणायच्या.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. काजवे दाखवायला गाडी सादड्याच्या झाडाखाली नेऊन हेडलाइट मारू नका. नर चमकून मादीला बोलावतो, त्या उजेडात त्याची हाक तिला दिसत नाही. बॅटरीला लाल कागद लावा, पायवाट सोडू नका, कारण अळ्या गवतात आणि मातीत असतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, जत्रेचं मैदान नव्हे. आणि बुकिंग करताना जलाशय दिसतो का, एवढंच विचारू नका. तंबू गाळावर आहे की मुरमावर, तेही विचारा.

गुरुजींचं जानेवारीचं बुकिंग आलंय. मुलांसाठी रग वाढवलेत. दारं या वेळीही डोंगराकडेच.