कालनिर्णयच्या पानावरचा हिशोब

१९ जानेवारी २०२५, रविवार, पुणे

एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचा अर्ज तीन दिवस अडून बसलाय. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, बोनाफाईड, सगळं जोडून झालं. अडलंय ते शेवटच्या रकान्यात: ‘तुम्हाला आर्थिक मदतीची गरज का आहे, ते ३०० शब्दांत लिहा.’

पहिल्यांदा लिहिलं ते शाळेतल्या निबंधासारखं झालं. ‘आमच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य आहे...’ रात्री फोनवर पप्पांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “अठराविश्वे म्हणजे लईच झालं की, बाई. दोन्ही वेळा चूल पेटती आपली.” फोन ठेवल्यावर मी खूप रडले. मी त्यांना परक्या माणसांपुढे हात पसरून उभं केलं होतं.

त्यात रूममेट म्हणाली, “मुलींना फी माफ आहे ना, मग तुला कशाला?” खरंय. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालंय. ते झालं नसतं तर मी इंजिनिअरिंगला आलेच नसते. पण खोलीभाडं, मेस, बसपास, झेरॉक्स मिळून कितीही काटकसर केली तरी महिन्याला ७,२०० लागतात. १,२०० मी दोन मुलांच्या शिकवणीतून काढते. उरलेले ६,००० घरून येतात.

आज आईकडून मागच्या वर्षीच्या कालनिर्णयचे फोटो मागवले. पप्पांचा सगळा हिशोब त्यावरच असतो, तारखांच्या चौकोनात, बारीक अक्षरात. मे: ‘मशागत ७५००’. जून: ‘बी ३ पिशव्या ९६००’, खाली ‘खत ११४००, उधार’. मग ‘फवारणी ८०००’, ‘काढणी १३५००’. आणि ऑगस्टपासून प्रत्येक पानावर, एक तारखेच्या चौकोनात, ‘बाई ६०००’. पैसे येतात हे मला माहीत होतंच. पण बी-खताच्या ओळीत स्वतःला बघितलं आणि कितीतरी वेळ ते पान तसंच उघडं राहिलं.

तीन एकरांत सोयाबीन झालं २० क्विंटल. हमीभाव ४,८९२ होता, आमचं गेलं ४,१०० नं. दिवाळीआधी दुकानाची उधारी फेडायची होती, थांबता आलं नाही. ८२,००० आले, ५०,००० खर्चात गेले, उरले ३२,०००. आईचं शिवणकाम वर्षाचं ३६,०००. एकूण ६८,०००, त्यातले ६०,००० माझ्यावर जाणार. रेशन आहे म्हणून चूल पेटते, आणि नोव्हेंबरच्या पानावर ‘बचत गट २०००० घेतले’ असंही आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नुसत्या दाखल्यावरून यातलं काहीच कळत नाही. म्हणून ‘गरीब’ हा शब्द काढून टाकला आणि हेच सगळं, आकड्यांसकट, जसंच्या तसं लिहिलं. पप्पांचं नाव लिहून पुढे लिहिलं, ‘तीन एकर कोरडवाहू शेती करतात.’

आत्ता परत फोन लावून वाचून दाखवलं. या वेळी ते मध्येच बोलले.

“मळणीचे पाच हजार धरलेच नाहीस की, बाई.”

३२,००० खोडून २७,००० केले.