आधी कोणते फूल?

कोकणात फुलांची पारख बहुधा वासावरून आणि वेणीवरून होते. पण परसात उभे राहून एखाद्या झुबक्यातले कोणते फूल आधी उमलते एवढे पाहिले, तरी वनस्पतिशास्त्रातील पुष्पबंधांचे, म्हणजे दांड्यावरील फुलांच्या मांडणीचे, निम्मे प्रकरण उलगडते.

अबोलीचे हिरव्या छदांचे (फुलांबुडच्या पानांसारख्या भागांचे) कणीस तळापासून फुलत वर जाते. खालची फुले वेणीत गुंफून झाली, तरी शेंड्याला नव्या कळ्या धरतच असतात, कारण त्या दांड्याची वाढ थांबलेली नसते. म्हणून हा पुष्पबंध अकुंठित. (तळाशी राहिलेली सुकी बोंडे पाणी पडताच तडकून बिया उडवतात, आणि मुलांना शास्त्रापेक्षा तेच अधिक आवडते.) मोगऱ्याचे उलट. तेथे दांडा स्वतःच एका कळीत संपतो. ती मधली टपोरी कळी उमलल्यावरच बाजूच्या कळ्यांची पाळी येते. हा कुंठित प्रकार, म्हणजेच वल्लरी. सायंकाळी कळ्या खुडणारा जाणता हात मधली तेवढी काढतो आणि बाजूच्या पुढच्या गजऱ्यासाठी राखतो.

आंब्याचा मोहोर मात्र या सरळ विभागणीला दाद देत नाही. दुरून पाहता ती शाखांवर शाखा फुटलेली परिमंजरी असते, पण शेवटच्या काडीशी डोळा नेला, तर तेथे तीन-तीन फुलांचे गट दिसतात आणि त्यांत मधले फूल आधी उमलते. घर अकुंठित, खोल्या कुंठित. शिवाय त्या शेकडो फुलांपैकी पुष्कळशी केवळ नर असतात आणि फळ धरते ते उभयलिंगी फुलांतच, त्यामुळे झाड मोहोराने लगडले म्हणून अनुभवी बागायतदार हुरळून जात नाही.

माडाची पोय म्हणजे स्थूलकणिश, आवरणात गुंडाळलेला फुलोरा. जाड आवरण फाटले की काड्यांवर दाटीने नर फुले आणि त्यांच्या बुडाशी मोजकी, गोल मादी फुले दिसतात. बाणवलीसारख्या उंच जातींत त्या पोयीतली नर फुले बहुधा आधीच झडून जातात आणि मादी फुले मागाहून तयार होतात, म्हणून नारळ धरण्यासाठी पराग सहसा दुसऱ्या माडावरून यावे लागतात.

झेंडूचे एक फूल म्हणजे खरे तर बारीक फुलांचा झुबकाच, आणि त्यात फुलण्याचा क्रम कडेकडून मध्याकडे जातो. उंबरात तो बाहेरून दिसतच नाही, कारण सगळी फुले फळासारख्या पोकळीत बंदिस्त असतात: आधी मादी फुले तयार होतात, बारीक छिद्रातून चिलटाएवढी गांधीलमाशी आत शिरून अंडी घालते, आणि तिची पुढची पिढी बाहेर पडायच्या वेळेलाच नर फुलांचे पराग पिकतात.