आई राजा

यंदाही कोजागिरीच्या आदल्या रात्री सोलापुरातनं तुळजापूरला चालत गेलो. रूपाभवानीपुढं नारळ फोडून दहा-साडेदहाला निघालो, मी, मावसभाऊ आणि मोठे मामा. ४५ किलोमीटरच्या आसपास रस्ता आणि सगळा माणसांनी भरलेला, कर्नाटकातनं आलेली मंडळी तर आमच्या आधी कितीतरी दिवस चालतायत. मामांच्या कपाळाला मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. मधेच कुणीतरी "आई राजा उदो उदो" म्हणतं आणि मागचापुढचा सगळा रस्ता उठतो.

तामलवाडीच्या अलीकडं माझ्या टाचेला मोठा फोड आला. मामांनी एका चहाच्या मंडपात बसवलं, सुईत दोरा ओवून फोडातनं आरपार नेला, दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं कापली, म्हणजे पाणी झिरपत राहतं आणि कातडी निघत नाही. तेवढ्यात मी विचारलं, मामा, आई म्हणतो ते ठीक, पण राजा कशाला म्हणायचं?

"मग काय म्हणायचं? हिथला राजा तीच हाय."

आणि महादेव?

"तो तिच्या नावातच हाय की."

भव म्हणजे शंकर, भवाची ती भवानी, हे मला शाळेपासून माहीत होतं, पण असं कुणी फोड बांधता बांधता सांगितलं नव्हतं. पुढं माळुंब्र्यापर्यंत तेच डोक्यात. पंढरपुरात गाभारा विठ्ठलाचा आणि रुक्मिणी मागं तिच्या वेगळ्या देवळात, इथं सिंहासनावर आई आणि देव तिच्या आजूबाजूला. म्हणून तो कमी झाला असं मला तरी वाटत नाही, त्याचं काम वेगळं आहे एवढंच. मूर्तीत बघा ना, पायाखाली महिषासुर आहे आणि शेजारी मार्कंडेय ऋषी पण आहेत, एक मारलेला आणि एक स्तुती करणारा, आपलं डोकं टेकतं ते दोघांसमोर टेकतं.

दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी पलंगावर निजते, ती श्रमनिद्रा, आणि पौर्णिमेला परत सिंहासनावर येते. आम्ही रात्रभर चालतो ते ह्यासाठी, आई उठलेली बघायला. पण ती निजलेली असताना राखण कोण करतं? मामा म्हणाले, काळभैरव. तो तिचा कोतवाल. शंकराचंच रूप, पण इथं पहाऱ्याला उभा. दिवाळीत त्याच्याच देवळातनं भेंडोळी पेटवून निघते, लांब दांड्याला तेलात भिजवलेले पोत बांधलेले, आणि ती पेटती खांद्यावर घेऊन पोरं पळत आईच्या देवळात येतात. मी एकदाच बघितलीय, लांब उभं राहूनसुद्धा चेहऱ्याला धग लागत होती.

सिंदफळपाशी उजाडलं. देवळातल्या कल्लोळ तीर्थात हातपाय धुतले, गोमुखाचं पाणी डोक्यावर घेतलं, मग रांग. चार तासांनी दर्शन झालं, एक क्षणभर, पण डोळे भरून आले आणि काही मागायचं राहूनच गेलं.

पाय उचलत नव्हते तरी मामा काळभैरवाकडं घेऊन गेले, डोंगराच्या कडेला आहे ते देऊळ. तिथं आमच्याशिवाय पाच-सहाच माणसं. मामांनी तेल वाहिलं, माळेतली एक कवडी बोटानं सरळ केली आणि घरच्या माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाले, "लक्ष ठेव बाबा तिच्याकडं."