पहिली ट्रायथलॉन: धावण्याचं सोडा, पाण्याची तयारी करा

ट्रायथलॉन, म्हणजे सलग पोहणं, सायकल आणि धावणं, पूर्ण झाली! मांड्या अजून जिना उतरू देत नाहीत, पण आनंद असा की पुढच्या स्पर्धेत आजच नाव घालावंसं वाटतंय. त्याआधी हे लिहितो, कारण पहिल्यांदा उतरणाऱ्याला जे ऐकवलं जातं ते साफ दिशाभूल करणारं आहे.

मला सगळ्यांनी एकच सांगितलं: पोहणं कसंबसं निभाव, खरी कसोटी शेवटच्या धावण्यात. आकडे पाहिले की हे पटतंही. ऑलिंपिक अंतर म्हणजे १.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी धावणं. ५१.५ पैकी दीडच किलोमीटर पाण्यात! पण ट्रायथलॉनमधले बहुतेक मृत्यू याच दीड किलोमीटरच्या टप्प्यात होतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

भोंगा वाजला आणि आजूबाजूला नुसते हातपाय. कोणाची लाथ चष्म्यावर, कोणाचा हात पाठीवर. गार पाणी छातीला लागलं की श्वास आपोआप आत ओढला जातो आणि धाप लागते. ही शरीराची प्रतिक्रिया आहे, तिचा फिटनेसशी संबंध नाही. दोन-तीन मिनिटांत ती ओसरते, पण ती मिनिटं संपता संपत नाहीत. वेटसूट, म्हणजे पोहताना घालायचा रबरी पोशाख, गळ्याशी घट्ट असेल तर आणखीच गुदमरतं. अशा वेळी माणूस श्वास घ्यायचीच धडपड करतो आणि सोडायचं विसरतो. तोंड पाण्यात असताना पूर्ण श्वास सोडा, लांब, बुडबुडे काढत. मला यानेच सावरलं.

जलतरण तलावातली पंचवीस मीटरची फेरी ही तयारी नव्हेच. दीड किलोमीटरला तिथे ५९ वेळा भिंतीला पाय लावून ढकलता येतं, तळाशी काळी रेघ असते. उघड्या पाण्यात, म्हणजे समुद्रात किंवा धरणात, दोन्ही नाही. मान वर न काढता फक्त डोळे पाण्याबाहेर आणून दर आठ-दहा हातांमागे एकदा बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) पाहायची सवय नसेल तर माणूस नागमोडी पोहतो आणि दीडाचे पावणेदोन किलोमीटर होतात. मान उंच काढली की कंबर बुडते, दम जातो.

म्हणून माझं स्पष्ट मत: स्पर्धेआधी उघड्या पाण्यात, सोबत कोणी असताना, अनेकदा पोहल्याशिवाय नाव घालू नका. सुरुवातीला कडेला किंवा मागे थांबा. मधल्या गर्दीत शिरून मिळतात ते काही सेकंद, जातो तो धीर. आधी पाण्यात उतरून चेहरा भिजवून घ्या. चष्म्याचा पट्टा टोपीच्या आत ठेवा, म्हणजे धक्क्याने निघणार नाही. आणि हे नियमात बसतं, लक्षात ठेवा: बोया किंवा थांबलेली होडी धरून विश्रांती घेता येते, फक्त तिच्या आधारे पुढे सरकायचं नाही. उताणं तरंगा, ब्रेस्टस्ट्रोक मारा, कोणी बाद करत नाही. छातीत दुखलं किंवा दम परत येईना तर हात वर करा आणि बाहेर या.

शेवटच्या शंभर मीटरला पाय जोरात मारा, नाहीतर आडव्याचं उभं होताच चक्कर येते. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावायचा आणि सायकल स्टँडवर परत ठेवल्याशिवाय काढायचा नाही. इथे बरेच जण दंड ओढवून घेतात.

सायकल छान झाली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. खाणंपिणं मात्र तिथेच उरका, धावताना पोट घेत नाही.

आणि ते बहुचर्चित धावणं? पहिला दीड किलोमीटर पाय लाकडासारखे, मग सुटतात. सायकलवरून उतरून लगेच वीस मिनिटं धावायचा सराव आठवड्यातून एकदा केलात तर एवढंही जाणवणार नाही. उरलेला सगळा वेळ पाण्याला द्या.