छप्पन्न पानांची परीक्षा

भविष्य सांगायला वापरतात त्या टॅरोच्या चित्रपत्त्यांचा जुना, आता छापला न जाणारा कॅट हाती आला की बहुतेकजण आधी मृत्यूचं पान शोधतात, नाहीतर प्रेमिकांचं. मी तलवारींची तिर्री शोधते. भविष्याशी याचा काही संबंध नाही. चित्रकाराने शेवटपर्यंत मन लावून काम केलंय का, हे त्या पानावर कळतं.

कॅटात अठ्ठ्याहत्तर पानं असतात. त्यातली बावीस बडी: मूर्ख, जादूगार, चंद्र, कोसळता मनोरा. या विषयांत नाट्य आयतंच असतं, हात बरा असला की चित्र जमून जातं. उरलेली छप्पन्न म्हणजे काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी, एक्क्यापासून दश्शीपर्यंत, वर गुलाम, घोडेस्वार, राणी, राजा. काठ्यांच्या सत्तीत काय काढणार? पेल्यांच्या अठ्ठीत? इथे भलेभले दमतात. तोच चेहरा पुन्हा पुन्हा येऊ लागतो, मागची झाडं पुसट होतात, आणि नाण्यांपर्यंत पोचेस्तोवर तर नुसती मोजदाद उरते. काही चित्रकार शहाणपणाने बाविसावरच थांबतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण असे कॅट मी सहसा घेत नाही.

या छप्पन्न पानांवर प्रसंग रंगवायची रीत रुळली ती चित्रकार पामेला कोलमन स्मिथमुळे. त्याआधी, मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या कॅटात, पेल्यांची पंजी म्हणजे पाच पेले आणि थोडी वेलबुट्टी. 1909 साली लंडनच्या रायडर प्रकाशनासाठी गूढविद्येचे अभ्यासक आर्थर वेट यांच्या सांगण्यावरून तिने सगळी पानं चितारली आणि प्रत्येक छोट्या पानावर माणसं आणली. तिलाही एक जुना धागा सापडला असावा. पंधराव्या शतकाच्या अखेरीचा सोला-बुस्का नावाचा इटालियन कॅट आहे, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला. त्याची छायाचित्रं 1907 साली ब्रिटिश म्युझियममध्ये आली. त्यात तीन तलवारींनी भोसकलेलं हृदय आहे. स्मिथच्या तिर्रीतही तेच, वर फक्त पाऊस आणि ढग. काम उरकल्यावर तिने एका परिचिताला पत्रातून कळवलं, की काम फार मोठं होतं आणि पैसे अगदी थोडे मिळाले. पुढे या चित्रांच्या किती प्रती खपल्या याचा हिशेब कुणी लावू नये. ती 1951 साली गरिबीत वारली.

तिची मूळ चित्रं कुठे गेली, कुणालाच माहीत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या छापांना जे महत्त्व आलंय ते मला अगदी रास्त वाटतं. मूळच हरवलेलं, तेव्हा जुनी छपाई हीच त्याच्या सर्वांत जवळची. संग्राहक या आवृत्त्यांना पॅम-ए, पॅम-बी अशा नावांनी ओळखतात, आणि सूर्याच्या पानावरच्या रेषा भिंगातून ताडून कुठली कुठली ते ठरवतात. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटतो. तो आहेच, पण डोळ्यांना चांगलं वळण लावणारा.

बाकी कॅट बाजारातून नाहीसे होतात ते फार साध्या कारणांनी. आवृत्ती लहान असते, करार संपतो, प्रकाशन बंद पडतं, किंवा चित्रकारालाच आपलं जुनं काम नकोसं होतं. मग किमती चढतात आणि पाठोपाठ नकला येतात: पान पातळ, रंग मळके, पुस्तिकेच्या जागी एक क्यूआर कोड. आणखी एक जमात आहे, चित्र मोठं दिसावं म्हणून पानांच्या कडा कातरणारी. त्यांच्याविषयी मी इथे लिहीत नाही, लेख ललित राहू दे.

जुना कॅट पुन्हा छापला गेला की काही संग्राहकांचे चेहरे पडतात. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचा कॅट 1984 साली मर्यादित प्रतींत निघाला होता; त्यात जादूगार म्हणून तो स्वतःच उभा आहे आणि सम्राज्ञी म्हणून त्याची बायको गाला. 2019 साली तो नव्याने बाजारात आला. मला आनंदच झाला. चित्र बघायला मिळावं, हीच तर सगळी खटपट. चित्रकार फ्रीडा हॅरिसने इंग्रज गूढवादी अलिस्टर क्रोलीच्या थॉथ कॅटसाठी 1938 पासून पाचेक वर्षं रंगकाम केलं, आणि 1969 साली तो कॅट म्हणून नीट छापला गेला तेव्हा दोघंही हयात नव्हती. अशी चित्रं दुर्मिळच राहावीत असं ज्यांना वाटतं, त्यांना चित्रांपेक्षा दुर्मिळता प्यारी आहे.

जुने कॅट पिसावेत की नाही, यावर मात्र माझं मत रोज बदलतं. पिसल्याने कडा पांढऱ्या पडतात, कोपरे मऊ होतात. न पिसता ठेवले तर पानं ओळीने लागलेली राहतात, आणि मग त्याला कॅट कशाला म्हणायचं?

शिवाय टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत सुरू झाला. भविष्य सांगण्याची टूम अठराव्या शतकातली. फ्रान्समध्ये आजही अठ्ठ्याहत्तर पानांनी डाव मांडतात, एकवीस पानं कायमची हुकमाची. नियम मी वाचून ठेवले आहेत. चार भिडू जमले तर बरं, आणि ओळखीत संग्राहक पुष्कळ आहेत. कॅट कुणाचा वापरायचा, यावर गाडी अडते. माझा तर मी देणार नाही.