अब्दुलचं दुकान फाटकाबाहेर

रविवार, रात्री साडेदहा

आज पुन्हा ‘तारक मेहता’चा कुठलातरी जुना भाग लागला होता. शेजारच्या अक्का सूप मांडीवर घेऊन आमच्याकडेच विड्या वळत बसलेल्या, उद्या सकाळी कारखान्यात माल द्यायचाय. समोरच्या चाचीही आल्या होत्या. मालिका सुरू झाली २००८च्या जुलैमध्ये. तेव्हापासून टप्पू तिघांनी केला, दयाबेन २०१७ साली गेली ती आलीच नाही. गोकुळधाम सोसायटीचं कंपाउंड आणि भिडेमास्तरांचा सुविचाराचा फळा मात्र आहे तिथंच आहे.

ते कंपाउंड गोरेगावच्या फिल्मसिटीत उभारलंय आणि घरातलं शूटिंग कांदिवलीला होतं. म्हणजे जेठालाल गॅलरीतून आत वळला की थेट कांदिवलीत! हे सांगितल्यावर आत्या म्हणाल्या, “मग भिंतीपलीकडचं काहीच ऐकू येत नसंल की त्यांना.” आमच्याकडे अक्कांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो.

अय्यर तमिळ, बबिता बंगाली, सोढी पंजाबी, रोशन पारशी, भिडे मराठी. पण बोलतात सगळे हिंदी. आपापली भाषा हेल काढण्यापुरती, नाहीतर एखाद्या हाकेपुरती. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात असं भागत नाही. अक्का घरात तेलुगू बोलतात, आत्यांशी मराठी, चाचींशी हिंदी आणि भाजीवालीशी घासाघीस कन्नडमध्ये. भांडण तर समोरच्याच्याच भाषेत करायचं, म्हणजे ते नीट लागतं. हे अजून कुठल्या मालिकेला जमलेलं मी पाहिलं नाही.

पण मला खरं खुपतं ते मालिकेतल्या दुकानदार अब्दुलचं. सोडा त्याच्याकडे प्यायचा, रात्रीच्या गप्पा त्याच्याच दुकानापुढं, सोसायटीचं कसलंही काम असो, अब्दुल धावतो. घर मात्र त्या बिल्डिंगीत त्याचं नाही. दुकान फाटकाबाहेर. एवढा ‘मिनी इंडिया’ वसवला, चार हजारांवर भाग काढले, आणि लिहिणाऱ्यांना त्याच्यासाठी एक फ्लॅट सापडला नाही?

मी हे बोलून दाखवलं. अक्का विडीला दोरा गुंडाळत म्हणाल्या, “भाड्यानं तरी द्यायचं की एखादं.”

चाचींना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. “दुकान तो खुद का है ना उसका? फिर?”

यावर आत्या सरसावून बसल्या. दोघींची अशी जुंपली की टीव्हीवर पुढचा भाग कधी सुरू झाला, कुणाला पत्ताच नाही.